वाघजाईवाडीचा चढ

जरा पुढं सरका. खांबाला टेकून बसा हवं तर, पण जवळ बसा. मला आता मोठ्यानं बोलवत नाही, आणि ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाहीच. कीर्तनाला अजून अवकाश आहे. पखवाजाला कणीक लागतेय, बुवा आत चहा घेताहेत. ते उपरणं खांद्यावर टाकून बाहेर येईपर्यंत माझं सांगून होईल. देवाच्या दारात बसलोय, त्यामुळं पदरचं काही घालणार नाही.

माझं गॅरेज कोल्हापुरात, उद्यमनगरात होतं. अकरा वर्षांपूर्वी, जानेवारीच्या सुरुवातीला, माझा भाचा इंद्रजित त्याची गाडी घेऊन आत आला, बॉनेट उघडलं आणि माझ्याकडं बघत उभा राहिला.

"मामा, कंपनीनं हिचे हातपाय बांधून ठेवल्यात बघा."

गाडी नुकतीच घेतलेली, पण तीन वर्षं वापरलेली, उंच, दणकट, डिझेलची. टर्बो इंजिन, सहा गियर, सगळे हातानं टाकायचे. इंद्रजितनं ती हौसेखातर घेतली नव्हती. बापाला कीर्तनाला नेण्या-आणण्यासाठी घेतली होती.

त्याचा बाप म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो, पोरगा दादा म्हणायचा. गावोगाव ते आनंदरावबुवा चौगुले. मी जन्मभर कीर्तनं ऐकली. सव्वीस-सव्वीस किलोमीटर सायकल मारून ऐकली. पण दाजींसारखा आवाज पुन्हा ऐकला नाही. मोठा होता म्हणून नव्हे. ते आवाज खाली आणायचे. ऐन रंगात, चारशे माणूस समोर असताना, ते इतकं हळू बोलायचे की सगळा मांडव एकदम पुढं वाकायचा. म्हाताऱ्या बायका कानामागं हात धरायच्या. मग त्या शांततेतून एक तान वर जायची, आणि माझ्यासारखा तेलकट हाताचा माणूस डोळे पुसायला रुमाल शोधायचा.

त्याआधीच्या दिवाळीपासून दाजींचा घसा बसला होता. तो उठलाच नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनची तारीख ठरली, तीन फेब्रुवारी.

आणि एक फेब्रुवारीला वाघजाईवाडीच्या सप्ताहाचं काल्याचं कीर्तन होतं. भुदरगडच्या डोंगरात, पठारावर पन्नास उंबऱ्यांचं गाव. एकतीस वर्षं सप्ताहाचा शेवट दाजींच्याच कीर्तनानं व्हायचा. दाजींनी डॉक्टरांकडं एवढं एक मागून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "त्याआधी अकरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. मग तासभर आवाज निघेल. आणि ओरडलात तर तोही निघणार नाही."

म्हणून इंद्रजित माझ्याकडं आला होता.

"वाघजाईवाडीचा चढ ठाव हाय न्हवं तुम्हाला? सहा किलोमीटर नुसतं नागमोडी. गेल्या साली भाड्याच्या जीपनं दादांना असं गचकं दिलं की वर जाऊन तासभर खोकत हुतं. औंदा तसं व्हायला नको. दुसरा गियर टाकला की लोण्यातनं सुरी जावी तशी वर गेली पायजे."

"मग हळू चालव की. त्याला इंजिन कशाला उघडायला पायजे?"

"मामा, तुम्ही लॅपटॉप घेऊन बसलाय ते कशासाठी? भजनं ऐकायला?"

तो हसला, मीही हसलो. खरं म्हणजे ते काम करणाऱ्यांत उद्यमनगरात मी पहिला होतो. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं गणित बदलायचं, टर्बोनं किती हवा कोंबायची, किती डिझेल सोडायचं ते आपण ठरवायचं. त्याला मॅप घालणं म्हणतात. त्याच्या गाडीची ओढ, म्हणजे टॉर्क, होती तीनशे वीस. अर्ध्या तासात ती चारशे होत होती.

"इंजिनाचं सोड," मी म्हटलं. "ते चारशेला हूं की चूं करणार न्हाई. क्लचचं काय?"

"काय क्लचचं?"

"इंजिन आणि चाकांच्या मधी ताटलीएवढी प्लेट असतीया. स्प्रिंगच्या जोरावर दाबून धरलेली. कंपनीची प्लेट धरणार साडेतीनशेपर्यंत. त्याच्या वर इंजिन ओढतंय आणि प्लेट घसरतीया. गाडी ओरडंल, जाणार न्हाई."

"मग मोठी प्लेट टाका."

पुण्याहून जड क्लच मागवला. गियरबॉक्स उतरवून बसवायला मला दीड दिवस लागला. काम मन लावून केलं. आणि किल्ली देताना इंद्रजितला समोर उभा करून सांगितलं:

"आता आठशे किलोमीटर माझं ऐक. नवी प्लेट आणि ती ज्याच्यावर दाबून बसती ते फ्लायव्हील एकमेकाला घासून बसायला लागतात. सून नवी असताना कसं असतंय, तसं. सपाटीवर चालव, एकट्यानं चालव. चढ नको, वजन नको, अर्धा क्लच धरून उभं राहणं तर नकोच नको. प्लेट एकदा तापून गुळगुळीत झाली की मग धरत न्हाई."

"आणि आठशे झाल्यावर?"

"मग डोंगर उपटून आण."

खरं तर तोवर नवा मॅप घालायचाच नसतो. पण "एक डाव बघू तर" म्हणून त्यानं हट्ट धरला, आणि मलाही बघायचं होतं. घातला. शिये फाट्यापर्यंत गेलो. गाडीनं पाठीला असा धक्का दिला की आम्ही दोघंही पोरांसारखं ओरडलो. काढतो उद्या, म्हणून तो मॅप तसाच राहिला.

चौथ्या दिवशी थोरल्या बहिणीचा, आक्काचा फोन.

"बाळू, रविवारी जोतिबाला जायचंय. गाडी देवाला दावायची राहिलीया."

"आक्का, अजून सव्वाशे किलोमीटर बी झालं न्हाईत. जरा दम धर."

"दम? तुझ्या दाजींना त्या गाडीतनं दवाखान्यात न्यायचं आणि देवाला न दावता? नवस बोललीया मी. तूच देवमाणूस म्हणवतोस आणि तूच आडवा येतोस व्हय?"

तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हटलं असतं? आमच्याकडं नवी गाडी आधी डोंगरावर जाते, मग बाकी सगळीकडं. मीच किती गिऱ्हाइकांना सांगितलं असेल, जा, गुलाल लावून आणा. आक्काच्या आवाजात रडू होतं. मी म्हटलं, जाऊ या. चालवायला मीच बसतो, म्हणजे जपून नेता येईल.

सात माणसं, नैवेद्याची पातेली, नारळाचं पोतं. रविवार, पौर्णिमेच्या तोंडावरचा. डोंगराच्या शेवटच्या वळणांवर गाड्यांची रांग लागलेली. दोन हात पुढं, थांब. दोन हात पुढं, थांब. पाऊण तास ते चाललं. मागून आक्का म्हणाली, "कसला रं हा वास? काहीतरी जळल्यावाणी?"

"पुढच्या गाडीचा असंल," मी म्हणालो.

वर गेलो, गुलाल उधळला, चांगभलं म्हणालो. दाजी सभामंडपात हात जोडून उभे राहिले, बराच वेळ. त्यांचं अकरा दिवसांचं मौन दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं होतं. येताना ते मला म्हणाले, "बाळू, गाडी झकास केलीस." मी मान डोलावली. सोमवारी गाडी गॅरेजात घेतली, लिफ्टवर चढवली, बघितली, आणि संध्याकाळी इंद्रजितला परत दिली.

एक तारखेला सकाळी सात वाजता मी दाजींच्या दारात होतो. दाजी मफलर गुंडाळून, हातात वही-पेन घेऊन ओट्यावर बसले होते. मौनात वहीवरच बोलत. मला बघून लिहिलं आणि वही पुढं केली: "तुझं पोट उतरवून ठेव, गाडी दमंल."

"वजन माझ्या पोटाचं न्हाई, तुमच्या भक्तांचं हाय," मी म्हणालो. मागं काल्यासाठी लाह्यांची पोती, पोह्यांची पोती, दह्याचे दोन मोठे कॅन, वर कुणीतरी दिलेला स्पीकर. इंद्रजित अजून एक पोतं चढवत होता.

"इंद्रजित, एवढं नको रं. मागनं कुणाच्या तरी टेम्पोनं येऊ दे."

"मामा, चारशेची ओढ हाय. तुम्हीच केलीया. भितोस कशाला म्हणायचं तुम्ही मला, आणि तुम्हीच भिताय?"

मी ते पोतं आत ढकलायला हात लावला.

गारगोटी सोडेपर्यंत गाडी पाण्यासारखी चालली. दाजी पुढं बसले होते, डोळे मिटून, ओठ हलत होते. आवाज नाही. तासभराचं कीर्तन ते मनातल्या मनात मांडत होते, हे मला पाठीमागून त्यांच्या खांद्यावरून कळत होतं. जिथं तान यायची तिथं खांदा जरासा वर जायचा.

साडेआठला चढ लागला. दाट धुकं होतं. तिसऱ्या वळणावर आरपीएमचा काटा दोन हजारांवरून साडेतीन हजारांवर गेला, इंजिन किंचाळलं, आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगावर आली.

"मामा, ही ओरडतीया, पण जात न्हाई!"

"थांबव. हँडब्रेक ओढ. चाकाला दगड लाव."

वास सगळीकडं पसरला, कडवट, जळक्या पुठ्ठ्यासारखा. दाजींनी मफलर नाकावर घेतला. वीस मिनिटं थंड होऊ दिली. मग स्टिअरिंगवर मी बसलो. पहिल्या गियरला, श्वास धरून, आणखी दोन वळणं काढली. तिसऱ्याला नुसतं इंजिन फिरलं. गाडी मागं घसरायला लागली, तेव्हा ब्रेक दाबला आणि चावी बंद केली.

वर साडेतीन किलोमीटर राहिले होते. फोनला रेंज नव्हती. दाजींना त्या गारठ्यात चढ चालवायचा तर दम लागून खोकला सुटला असता. माझ्या घड्याळात नऊ वाजत आले होते. कीर्तन दहाला.

"पखवाजी वर हाय," मी म्हटलं. "साडेनऊपर्यंत आपण दिसलो न्हाई की कुणालातरी खाली पाठवतील. दाजी, तुम्ही आतच बसा, काचा लावून घ्या."

दाजींनी मान हलवली. वहीत लिहिलं: "वेळ आहे. घाई नको." ते अगदी शांत होते.

इंद्रजित गाडीखाली वाकून बघून आला. मला बाजूला घेऊन म्हणाला,

"मामा, एक सांगू? काल सांजच्याला मी हिला हायवेवर दोनदा पुरी ओढली. फकस्त दोनदा. पोरं बघायची म्हणत हुती. त्यानं झालं का हे?"

माझ्या हातात फडकं होतं. मी त्यानं हात पुसत राहिलो.

"काल ओढायला नको हुतीस," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

पोरानं गाडीकडं पाहिलं, काचेआड बसलेल्या बापाकडं पाहिलं, आणि उताराला लागला. आधी चालत, मग जवळजवळ पळत. "अरे कुठं चाललास?" मी हाक मारली. धुक्यातून त्याचा आवाज आला, "मला त्यांच्यासमोर उभं राहवत न्हाई, मामा. मीच घालवलं. एवढं एकच मागितलं हुतं त्यांनी, तेबी मीच घालवलं." त्या वळणाला कठडा नव्हता. खाली दरी होती, आणि धुक्यात रस्ता कुठं संपतो ते दिसत नव्हतं.

गाडीचं दार उघडलं. दाजी उतरले. मफलर सोडून खांद्यावर टाकला, आणि—

"इंद्याऽऽ! माघारी फीर!"

अकरा दिवसांनंतरचा तो पहिला शब्द. काय सांगू तुम्हाला, तो बसलेला आवाज नव्हता. एकतीस वर्षांपूर्वी मी ऐकलेला होता. समोरच्या डोंगरावर जाऊन तो परत आला.

"इंद्या! तिथंच थांब! खाली दरी हाय! माझी आण हाय तुला, माघारी फीर!"

तिसऱ्या हाकेला तो मध्येच चिरला. मला ऐकू आलं. नवी चादर फाटते तसं.

इंद्रजित धुक्यातून धावत वर आला, हात जोडूनच. "दादा, बोलू नका. पाया पडतो, बोलू नका."

"आता बोलल्याबिगर राहवंना," दाजी म्हणाले. "बस हितं."

रस्त्याकडेच्या दगडावर दोघं बसले. मी चार पावलांवर उभा होतो, बॉनेटला टेकून. आणि दाजी त्याला समजावायला लागले. यंत्र आहे, बिघडतं. माणसानं केलेलं माणसाच्या हातून मोडतं. पोर मान वर करेना. "मीच जाळला, दादा," एवढंच परत परत. मग दाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तू सहा वर्सांचा हुतास. तुरंब्याला माझं कीर्तन रंगात आलं हुतं आणि तुला झोप आली. सरळ चालत आलास, आणि माझ्या पायाला मिठी मारलीस. कीर्तन उभ्यानं करायचं असतंय. मी खाली बसलो. तुला मांडीवर निजवलं, आणि बसूनच पुरं केलं. गावचा पाटील तोंडावर म्हणाला, बुवा, पोरापायी कीर्तन मोडलंसा. मी म्हणलं, पाटील, मोडलं न्हाई. आज तर ते लागलं."

बोलता बोलता आवाज बारीक होत गेला. आधी घोगरा झाला, मग भात्यातून हवा यावी तसा. 'लागलं' हा शब्द मी ओठांवरून वाचला.

आता ऐका. मी सोमवारी गाडीखाली काय बघितलं ते सांगतो.

गियरबॉक्सच्या कवचाला एक भोक असतं, तिथून बारीक कॅमेरा आत घालून बघता येतं. आत काळी भुकटी पडली होती. फ्लायव्हीलवर निळे डाग होते, लोखंड भाजल्यावर येतात ते. प्लेट जोतिबाच्या रांगेतच गेली होती. माझ्या पायाखाली गेली होती. सपाटीवर ती महिनाभर चालली असती, पण लांब चढाला, वजनासकट, धरणार नव्हती. हे मला त्या सोमवारी दुपारी बारा वाजता ठाऊक होतं. पुण्याहून दुसरी प्लेट यायला आठ दिवस लागत होते, पण तेवढे दिवस हातात होते. साधं सांगायचं होतं: आक्का, देवाला जाताना प्लेट जळली, माझ्या हातनं. पण ज्या देवाला आम्ही दाजींचा गळा मागायला गेलो होतो, त्याच्या वाटेवर अपशकुन झाला असं तिला कुठल्या तोंडानं सांगू? आणि आठशे किलोमीटरचं पुराण सांगणारा मिस्त्री सव्वाशेवरच चुकला, हेही सांगायचं नव्हतं. मी गुपचूप मॅप थोडा खाली आणला, तीनशे साठवर. देव बघून घेईल म्हणालो. इंद्रजितला सांगितलं, सगळं ठीक आहे. आदल्या संध्याकाळी त्यानं दोनदा ओढली नसती तरी गाडी त्याच वळणावर उभी राहिली असती.

दाजी पाऊण तास बोलत होते. त्या पाऊण तासात कुठल्याही क्षणी मी चार पावलं पुढं जाऊन एक वाक्य बोललो असतो, तर ते गप्प झाले असते. पोर उठून उभं राहिलं असतं. त्यांच्या गळ्यात जे थोडंफार उरलं होतं ते उरलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. मी फडक्यानं हात पुसत राहिलो. हात केव्हाच कोरडे झाले होते.

दहा वाजता वरून पिकअप आली.

मांडव भरला होता. दाजींनी अंगात पांढरा सदरा, डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, असं सगळं नेहमीसारखं घेतलं. टाळकरी दोन्ही बाजूला उभे राहिले. दाजींनी हात जोडले, नमनाला तोंड उघडलं. नुसता श्वास आला. घोटभर पाणी घेतलं, पुन्हा उघडलं. पुढच्या रांगेतल्या बाया कानामागं हात धरून पुढं वाकल्या. त्यांना वाटलं, बुवा नेहमीसारखे हळू बोलताहेत. मागची माणसंही वाकली. सगळा मांडव वाकून ऐकत होता आणि ऐकायला काही नव्हतं.

दाजींनी चारी बाजूंना वळून नमस्कार केला. खांद्यावरचं उपरणं काढून गावातल्या एका तरुण बुवाच्या खांद्यावर ठेवलं, आणि स्वतः टाळ घेऊन मागच्या ओळीत जाऊन उभे राहिले. त्या पोरानं बरं कीर्तन केलं. मला त्यातलं काही आठवत नाही. इंद्रजित मांडवात आलाच नाही. पिकअपच्या मागं, लाह्यांच्या पोत्यांजवळ बसून होता.

दोन तारखेला संध्याकाळी दवाखान्यात दाजींच्या खोलीत मी एकटा होतो. तिथं मी सगळं सांगितलं. रांग, वास, कॅमेरा, निळे डाग. "इंद्रजितनं जाळली न्हाई, दाजी. मी जाळली. आणि घाटात मी गप्प बसलो."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपले. मग माझं मनगट धरून जवळ ओढलं. कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"इंद्याला सांगितलंस?"

"न्हाई."

"आधी त्याला सांग."

सकाळी सातला त्यांना आत नेलं. ज्या गळ्यानं पाच जिल्हे रडवले, त्यातून निघालेले ते शेवटचे शब्द. त्यात देवाचं नाव नव्हतं. माझ्यावर सोपवलेलं एक काम होतं.

त्या संध्याकाळी मी खोलीबाहेर आलो. इंद्रजित जिन्यात बसला होता. मला बघून त्यानं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाला, "मामा, तुम्ही हाय म्हणून मी उभा हाय." आता तुम्हीच सांगा. म्हटलं, आज नको. ऑपरेशन होऊ दे. दाजी घरी येऊ देत. घरी आले. म्हटलं, टाके निघू देत.

तीन आठवड्यांनी दाजींनी वहीत एकच शब्द लिहून माझ्यापुढं धरला: "सांगितलंस?"

मी मान डोलावली. होय, अशी.

त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी बघितलं, आणि त्यानंतर मला सांगणं कठीण होऊन बसलं.

दाजी सहा वर्षं जगले. इंद्रजितनं ती गाडी विकली. बापाचं सगळं त्यानं केलं. गळ्यातली नळी स्वच्छ करायचा, जेवण घोटून पातळ करून द्यायचा, अंघोळ घालायचा. पण समोर बसायचा नाही. नजर द्यायचा नाही. काम झालं की उठून बाहेर. दाजी टीव्हीवर कीर्तन लावून त्याला हातानं बोलवायचे, ये, बस. तो "आलो" म्हणायचा आणि यायचा नाही. सणाला बापाच्या पाया पडायचा, तोही मान खाली घालूनच.

एका दुपारी दाजींनी मला लिहून दाखवलं: "पोरगं माझ्यावर रुसलंय का? त्याची चूक नव्हती हे त्याला कळलंय. मग काय बिनसलं? मी तर त्याला कधी टाकून बोललो नाही."

मी वाचलं. म्हणालो, "कामाचा ताण असंल, दाजी."

कार्तिकात ते गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी इंद्रजितकडं गेलो. तो दाजींची उपरणी घडी घालून पेटीत ठेवत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. या वेळी काही राखलं नाही. वहीतला प्रश्न, माझी मान, सगळं.

तो रागावला नाही. घडी हातात तशीच राहिली. त्यानं विचारलं,

"दादांना ठाव हुतं?"

"पहिल्या दिवसापासनं."

"आणि त्यांना वाटत हुतं, मलाबी ठाव हाय."

"व्हय."

"म्हंजे सहा वर्सं..." तो थांबला. "मी मान वर करत नव्हतो, कारण मला वाटायचं त्यांचा गळा मी घालवला. आणि त्यांना वाटायचं..." त्यानं माझ्याकडं बघितलं. "त्यांना काय वाटत असंल, मामा? रोज मला हातानं बोलवायचे. काय वाटत असंल?"

त्यानं हातातली घडी पेटीत ठेवली, झाकण लावलं.

"जावा आता तुम्ही," तो म्हणाला. शांतपणे म्हणाला. त्यानंतर आमचं बोलणं नाही. आक्का आहे, तिच्याकडून खुशाली कळते. गॅरेज मी बंद केलं. कीर्तन ऐकणं बंद झालं नाही. ते होत नाही.

बघा, बुवा आले. टाळ उचलले. आता गजर होईल, तुम्ही सगळे हात वर कराल, नाम घ्याल. घ्याच. पण त्या गजरात एवढं माझं ऐका, श्वासभर त्या दोघांची आठवण धरा. आनंदराव चौगुले, आणि त्यांचा मुलगा इंद्रजित. आणि मनातल्या मनात देवाला म्हणा, आनंदरावांपर्यंत एक निरोप पोचव: पोरगं तुमच्यावर रुसलं नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.